साहेबांचा ग्रुप आणि आपलं मत

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा गठ्ठा घेऊन बसले, तर एकच विषय पुन्हा पुन्हा हाताला लागत होता: ऑफिसातलं राजकारण. बदली, रजा, ग्रॅच्युइटी हे नेहमीचे प्रश्न म्हणून या वेळी बाजूला ठेवते. सहा पत्रं निवडली आहेत. माणसांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, आणि या वेळी पक्षांचीही नाही. पत्रांत ती होती, मी काढली. झेंड्याचा रंग बघून माझं उत्तर बदलणार असेल, तर ते उत्तर तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न: चाळीस माणसांच्या खासगी कंपनीत मी हिशेब विभागात आहे. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. रजा, सुट्ट्या, पगार जमा झाल्याचा निरोप, सगळं त्यावरच येतं. वर्षभरापासून आमचे संचालक त्यावर एका पक्षाचे व्हिडिओ टाकतात. सकाळचा पहिला मेसेज तोच असतो, आणि मिनिटभरात खाली अंगठ्यांची रांग लागते. मी कधी अंगठा दिला नाही, विरोधातही एक अक्षर लिहिलं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, ‘तुमचा अंगठा कधी दिसत नाही.’ यंदाच्या अप्रेझलमध्ये शेरा आला: ‘टीममध्ये मिसळत नाहीत.’ पगारवाढ इतरांहून कमी मिळाली. ग्रुप सोडू का?

उत्तर: सोडू नका. उद्या रजेचा किंवा कामाचा निरोप चुकला, तर तो दोष तुमच्या माथी येईल. आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. संचालकांना स्वतःचं राजकीय मत असण्याचा तुमच्याइतकाच हक्क आहे. त्यांनी सभेला जावं, स्वतःच्या फेसबुकवर रोज लिहावं, निवडणुकीला उभं राहावं, माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती जागेला. जिथून ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही, अशा जागी ज्याच्या हातात पगारवाढ आहे तो माणूस आपलं मत मांडतो, तेव्हा समोरचे लोक त्या मताचा विचार करत नाहीत, हजेरी लावतात. तुमच्या ग्रुपवरचे ते अंगठे म्हणजे हजेरीच आहे, आणि तुमची गैरहजेरी मोजली गेली आहे.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०२२ मध्ये आणि मिनेसोटाने २०२३ मध्ये यावर कायदे केले. मालकाची राजकीय किंवा धार्मिक मतं ऐकवण्यासाठी बोलावलेल्या बैठकीला बसायला कर्मचाऱ्याने नकार दिला, तर त्यावरून त्याला शिक्षा करता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. भाषणस्वातंत्र्याचं म्हणाल, तर घटनेच्या १९व्या कलमातला हक्क मुळात सरकारपासून संरक्षण देणारा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं, की हा हक्क सरकार नसलेल्यांविरुद्धही बजावता येतो. पण त्या निकालाच्या जोरावर खासगी कंपनीतली पगारवाढ परत मिळवण्याची वाट अजून कोणी रुळवलेली नाही, म्हणून तुम्ही त्यावर विसंबावं असं मी म्हणणार नाही.

राजकीय मताचा राग असा हळूच का काढला जातो, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. एकतीस वर्षं मी कार्मिक विभागात काढली. त्यातली काही एका कारखान्यात. ओव्हरटाइमची वही दर शनिवारी सहीसाठी माझ्या टेबलावर यायची. लांबोडकी, कडक पुठ्ठ्याची, हाताने रकाने आखलेली. सुपरवायझर निळ्या शाईने नावं आणि तास लिहायचा, मी तासांची बेरीज तपासून खाली सही करायची. एका दुपारी एक कामगार दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, अकरा आठवडे झाले, वहीत माझं नाव नाही.’ मी पानं मागे उलटत गेले. आधीच्या पानांवर दर आठवड्याला तिसऱ्या-चौथ्या ओळीत त्याचं नाव होतं. मग एका शनिवारपासून नाहीच. विचारता विचारता कळलं, की त्या आठवड्यात तो दुसऱ्या पक्षाच्या सभेत खुर्च्या मांडताना सुपरवायझरला दिसला होता. मेमो नाही, दमदाटी नाही, एक शब्दही नाही. फक्त नाव लिहायचं राहून गेलं. आणि त्या अकराही पानांखाली सही माझी होती. पुढे मी ओव्हरटाइम आळीपाळीने द्यायचा नियम करून घेतला, पण त्याचे गेलेले अकरा आठवडे मला परत देता आले नाहीत. मी बेरीज बघत होते, नावं बघत नव्हते, याची बोच आजही आहे.

तुमच्या शेऱ्याचंही तसंच आहे. त्यात राजकारणाचा शब्द नाही आणि तो कधी येणारही नाही. म्हणून तुमच्या बाजूच्या कागदातही राजकारण आणू नका. एचआरला एवढंच लिहा: ‘“टीममध्ये मिसळत नाहीत” हा शेरा कोणत्या कामाच्या, कोणत्या तारखेच्या प्रसंगावरून दिला आहे, ते कृपया लेखी कळवावे, म्हणजे मला सुधारणा करता येईल.’ मागच्या तीन वर्षांची अप्रेझलं काढून ठेवा. अंगठ्याबद्दलचं वाक्य साहेब कधी बोलले, शेजारी कोण बसलं होतं, हे आजच वहीत तारीख घालून लिहा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या नोंदीला कोणी विचारत नाही. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा सूडबुद्धीने कामावरून काढण्याला अनुचित प्रथा मानतो. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही, येऊही नये. पण आली, तर हीच वही कामाला येईल.

जमलं तर दोघा-तिघा सहकाऱ्यांनी मिळून एक साधी मागणी करा: कामाच्या सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवा आणि बाकी गप्पांचा वेगळा, ज्याला हवं त्याने त्यात यावं. ही मागणी कोणाच्या मताविरुद्ध नाही, त्यामुळे संचालकांनाही ती मान्य करणं सोपं जाईल. तोवर अंगठा द्यायचा की नाही, हे मी सांगणार नाही. घर तुम्हाला चालवायचं आहे. पण दिलात म्हणून कोणी तुम्हाला भित्रं म्हणावं, हे मला मान्य नाही.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर एका पक्षाच्या चिन्हाचं स्टिकर आहे. मॅनेजर काढायला सांगतात. शेजारच्या टेबलवर क्रिकेट संघाचं स्टिकर चालतं, मग माझंच का नाही?

उत्तर: लॅपटॉप कंपनीचा असेल तर काढा, वाद घालू नका. तो घेऊन तुम्ही ग्राहकाकडे जात असाल तर नक्कीच काढा, कारण समोरच्याला ते कंपनीचं मत वाटतं. लॅपटॉप तुमचा स्वतःचा असेल, तर एकच गोष्ट विचारा: दुसऱ्या पक्षाचं स्टिकर लावणाऱ्यालाही असंच सांगितलं का? सांगितलं असेल तर विषय संपला. नसेल, तर हरकत स्टिकरला नसून पक्षाला आहे, आणि तेवढं एक वाक्य मॅनेजरना शांतपणे, एकांतात बोलून दाखवा.

प्रश्न: माझं पंचवीस माणसांचं छपाई-पॅकेजिंगचं युनिट आहे. निवडणूक निकालाच्या दिवशी दोन मशीनमन भिडले. एकाने दुसऱ्याची जात काढली. मी दुसऱ्या दिवशी नोटीस लावली: ‘आवारात राजकारणावर बोलण्यास सक्त मनाई.’ भांडणं थांबली, पण जेवणाच्या सुट्टीत आता सगळे खाली माना घालून डबा खातात. युनियनच्या माणसाने विचारलं, ‘किमान वेतनावर बोललो तर ते राजकारण का?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसरी गोष्ट. माझा एक कामगार कामाला उत्तम आहे, पण बाहेर तो अशा संघटनेत आहे की तिची मतं ऐकून मला मळमळतं. त्याला ठेवावं का?

उत्तर: आधी ती नोटीस भिंतीवरून उतरवा. तुम्ही हे विचारताय याचा अर्थ ती चुकली आहे हे तुम्हाला उमगलेलं आहे.

त्या दिवशी गुन्हा काय घडला? जात काढली गेली. निकालावर बोलले, हा गुन्हा नव्हता. तुमच्या नोटिशीने निकालावरचं बोलणं बंद केलं आणि जातीवरून अपमान करण्याबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही. ज्याचा अपमान झाला त्यानेही ती नोटीस वाचली आहे, हे लक्षात घ्या. तो अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर हा प्रकार १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. नसला तरी गैरवर्तन आहेच. ज्याने जात काढली त्याला कारणे दाखवा नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका आणि कारवाई करा. ज्याला बोललं गेलं त्याला केबिनमध्ये बोलावून, समोर बसवून, मालक म्हणून तुम्ही स्वतः दिलगिरी व्यक्त करा. हे माझ्या मते नोटिशीच्याही आधी व्हायला हवं होतं.

सरसकट बंदीचं म्हणाल, तर मोठमोठ्या कंपन्यांनी ती करून पाहिली आहे. क्रिप्टो-चलनाचे व्यवहार करणाऱ्या कॉइनबेस या अमेरिकन कंपनीने २०२० मध्ये जाहीर केलं, की कामाच्या जागी राजकारण नको, ज्यांना पटत नाही त्यांनी पैसे घेऊन जावं. सुमारे पाच टक्के लोक गेले. एप्रिल २०२१ मध्ये बेसकॅम्प नावाच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने कंपनीच्या खात्यांवर राजकीय-सामाजिक चर्चा बंद केली, तर काही दिवसांत जवळजवळ एक तृतीयांश माणसं सोडून गेली. तिथल्या वादाचं मूळ ग्राहकांच्या ‘गमतीशीर’ नावांची एक यादी होती. ती यादी वर्षानुवर्षं ठेवली गेली होती आणि त्यात परक्या वंशांच्या लोकांची नावं हसण्यावारी नेलेली होती. म्हणजे तिथेही दुखणं अपमानाचं होतं आणि औषध गप्प बसवण्याचं दिलं गेलं. तुमच्या पंचवीस माणसांतले आठ गेले तर मशीन कोण चालवणार?

युनियनच्या माणसाला उत्तर द्या, की वेतन, पाळी, सुरक्षितता यांवर बोलणं हे कामाबद्दलचं बोलणं आहे, आणि ते मोकळेपणाने बोला. हे उत्तर लेखी द्या. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातली एक तरतूद मला फार आवडते. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, पण ही तरतूद तिथेही आहे. संघटनेला राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारता येतो. पण त्यात वर्गणी भरण्याची कोणा सभासदावर सक्ती करता येत नाही, आणि भरली नाही म्हणून त्याचे फायदे कापता येत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कामगारांच्या संघटनेवर घातलेलं हे बंधन मालकांनी स्वतःवर घालून घेतलं, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. कोणी स्वतःच्या वेळेत कुठेही जावो, पण कोणाला ओढू नये आणि आला नाही म्हणून त्याचं काही अडवू नये.

म्हणून नव्या नोटिशीत मी असं लिहीन: ‘जेवणाच्या सुट्टीत कोणत्याही विषयावर बोलायला मोकळीक आहे. समोरच्याने “नको” म्हटलं की विषय तिथेच थांबवावा. मशीन चालू असताना आणि ग्राहकासमोर पक्षाचा प्रचार करू नये. जात, धर्म, भाषा, लिंग यांवरून कोणाचाही अपमान केल्यास कारवाई होईल. मालक, व्यवस्थापक व सुपरवायझर हाताखालच्या माणसाला मत, वर्गणी, सभा किंवा मोर्चा याबद्दल विचारणार नाहीत.’ शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे. ते गाळून बाकीचं लावलंत, तर कामगार बरोबर ओळखतील.

आता तो दुसरा कामगार. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची एक गोष्ट सांगते. आर्थर रेडफर्न हे अपंग प्रवाशांची ने-आण करणारे चालक होते. प्रवासी बहुतेक आशियाई वंशाचे. त्यांच्या कामाबद्दल एकही तक्रार नव्हती, त्यांच्या आशियाई वंशाच्या सुपरवायझरने तर त्यांना उत्कृष्ट कर्मचारी म्हणून सुचवलेलं होतं. २००४ मध्ये ते स्थलांतरितांना कडाडून विरोध करणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीतर्फे नगरसेवक म्हणून निवडून आले आणि कंपनीने त्यांना काढलं. नोकरी वर्षाच्या आतली, त्यामुळे तिथल्या कायद्यानुसार अन्यायाने काढल्याची दादही मागता येईना. २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. काढणं चूक की बरोबर हे त्या न्यायालयाने ठरवलं नाही. राजकीय मतावरून काढलेल्या माणसाला दाद मागायला जागाच नसणं चूक, असं ते म्हणालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनने कायदा बदलला, आणि अशा प्रकरणात ठरावीक काळ नोकरी झालेली असण्याची अट काढून टाकली.

मला त्या पक्षाबद्दल अजिबात आपुलकी नाही. तरी त्या चालकाला न ऐकता काढणं मला चुकीचंच वाटतं, कारण प्रवाशांना तो रोज नीट नेत-आणत होता. तुमच्या कामगारालाही मतावरून काढू नका. त्याच्या हातावर लक्ष ठेवा. तो ज्यांच्याबद्दल बाहेर वाईट बोलतो, त्यांच्याशी इथे कसा वागतो? मशीन सोडताना पुढच्या पाळीच्या माणसाला नीट ताबा देतो का? आणि रजा, ओव्हरटाइम, नव्या माणसाची निवड या गोष्टी त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका. खरं तर त्या कोणाच्याच एकट्याच्या हाती असू नयेत. वर सांगितलेल्या वहीने मला हे शिकवलं.

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. माझी पत्नी एका पक्षातर्फे निवडणुकीला उभी राहते आहे. घरावर झेंडा, मोटरसायकलवर चिन्ह लावू का? तिच्यासाठी मतदान केंद्रावर एजंट म्हणून बसलो तर चालेल का? पोटात सारखा गोळा येतो.

उत्तर: एजंट म्हणून बसू नका. हे सगळ्यात आधी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम १३४ अ नुसार सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सरकारी नोकराची मदत घेतल्याच्या आक्षेपावरून तिची निवडणूकही अडचणीत येऊ शकते.

चिन्हाबद्दल केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत स्पष्टच लिहिलं आहे: अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे आपलं वजन वापरणं. महाराष्ट्राचे १९७९ चे नियम त्याच धाटणीचे आहेत. मोटरसायकल तुमची, घर दोघांचं, पण नियम तेवढी फोड करत बसत नाही. झेंडा तिच्या प्रचार कार्यालयावर लागू दे. ती उमेदवार आहे हे कार्यालयाला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. मतदान तुम्ही जरूर करा, फक्त कोणाला केलं हे सांगू नका.

पत्नी एका पक्षाची म्हणून तुमच्या निष्ठेवर कोणी शंका घेत असेल, तर १९८३ चा एक निकाल जवळ ठेवा. मध्य प्रदेशातले रामशंकर रघुवंशी हे शिक्षक. त्यांची नगरपालिकेची शाळा सरकारने ताब्यात घेतली, आणि ते पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघाच्या कामात होते या पोलीस अहवालावरून त्यांना काढलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. नोकरीत येण्यापूर्वी तुम्ही कोणत्या विचाराचे होता, यावरून सरकार तुमची चूल विझवू शकत नाही, असा त्याचा अर्थ. नोकरीत असताना प्रचार करायची मुभा त्यातून मिळत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.

प्रश्न: मतदानाच्या दिवशी कंपनी सुट्टी देत नाही, ‘सकाळी मत देऊन या’ म्हणते. आणि आल्यावर शाई लावलेल्या बोटाचा फोटो मागते. बरोबर आहे का?

उत्तर: सुट्टी हा तुमचा हक्क आहे आणि ती पगारी असते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब बघा, रोजंदारीवरच्या माणसालाही ते लागू आहे. ज्यांच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशीच कामं त्यातून वगळली आहेत. मालकाला दंड फक्त पाचशे रुपयांपर्यंतचा, त्यामुळे बऱ्याच जणांना त्याची भीती वाटत नाही, आणि हा आकडा बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. बोटाचा फोटो हौसेने टाकायचा तर टाका, पण मतदान करणं वा न करणं तुमच्याकडे आहे, कंपनीला हिशेब द्यायचं कारण नाही. आणि ‘बटण कोणतं दाबलं?’ असं कोणी विचारलं, तर सांगायला तुम्ही बांधलेले नाही.

प्रश्न: माझी मुलगी सव्वीस वर्षांची, खासगी कंपनीत आहे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तिने सरकारच्या एका निर्णयाविरुद्ध लिहिलं. शिवीगाळ नाही, काही नाही. कोणीतरी ते कंपनीला टॅग केलं. शुक्रवारी संध्याकाळी एचआरने बोलावून सांगितलं, ‘सोमवारपर्यंत राजीनामा दे, म्हणजे तुझं रेकॉर्ड खराब होणार नाही.’ ती दोन दिवस जेवलेली नाही.

उत्तर: या ताईंच्या पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंकाची वाट न बघता लगेच त्यांच्याशी बोलले. इतरांवरही ही वेळ येते, म्हणून तेच इथे लिहिते.

राजीनाम्याची मागणी नेहमी शुक्रवारी संध्याकाळी होते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे. मधले दोन दिवस माणूस एकटा असतो, वकील भेटत नाही, सहकारी भेटत नाहीत, आणि सोमवारी तो सही करायला तयार होऊन येतो. सही झाली की कंपनीने काढलं हेच उरत नाही. तिने स्वेच्छेने सोडलं, असा कागद तयार होतो. ‘रेकॉर्ड खराब होऊ नये’ हे वाक्य ऐकायला मायेचं वाटतं, पण त्यात जपलेलं असतं ते कंपनीचं रेकॉर्ड.

खासगी नोकरीतलं संरक्षण कुठेच फार भक्कम नाही, हे तिला खरं खरं सांगा. अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्युली ब्रिस्कमन या बाईंनी सुट्टीत सायकल चालवताना राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्याकडे पाहून मधलं बोट दाखवलं. फोटो पाठमोरा, चेहरा दिसत नव्हता. त्यांनी तो आपल्या प्रोफाइलवर लावला आणि कंपनीला स्वतःच जाऊन सांगितलं. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या त्या कंपनीने त्यांची नोकरी घेतली. अन्यायाने काढल्याचा त्यांचा दावा २०१८ मध्ये न्यायालयाने फेटाळला. तिथल्या घटनेतलं भाषणस्वातंत्र्य सरकारविरुद्ध असतं, मालकाविरुद्ध नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घ्यायला मनाई करणारा नियम मालकाला करता येत नाही. ब्रिस्कमनबाई २०१९ मध्ये आपल्या काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मंडळावर निवडून आल्या. तुमच्या मुलीने निवडणूक लढवावी असं मी सुचवत नाही, फक्त नोकरी गेली तिथे त्यांचं आयुष्य थांबलं नाही, एवढं तिच्या कानावर घाला.

आपल्याकडे एक धागा आहे. १९८३ साली ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या प्रमाणित नियमांत, जे गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे तेवढंच गैरवर्तन. ‘आवारात किंवा आवाराजवळ’ असं लिहिलं असेल, तर बाहेर घडलेली गोष्ट मालकाला ओढूनताणून त्यात बसवता येत नाही. तिच्या कंपनीला स्थायी आदेश लागू आहेत का, हे आधी बघावं लागेल. कायद्याच्या लेखी ती कामगार ठरते का, हे तिच्या हुद्द्यावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरतं. कामगार कायद्याचा वकील कागद बघून ते सांगेल. म्हणून नेमणूकपत्र, कंपनीचं सोशल मीडिया धोरण आणि शेवटची दोन अप्रेझलं घेऊन सोमवारीच त्याच्याकडे जायचं. पोस्ट घाईने खोडायची नाही. आधी तारीख-वेळ दिसेल असा तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा. बायोमध्ये कंपनीचं नाव असेल तर ते मात्र आजच काढायचं, कारण कंपनी सगळ्यात आधी त्यावरच बोट ठेवते.

आणि सोमवारी ऑफिसात पोचण्याआधी, स्वतःच्या ईमेलवर प्रत ठेवून, एचआरला हे पाठवायचं. मुलीला मी फोनवर सांगत गेले आणि तिने हाताने लिहून घेतलं:

‘शुक्रवारी झालेल्या चर्चेत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी आज नेहमीच्या वेळी कामावर हजर होत आहे. माझ्या कामाबद्दल किंवा वर्तनाबद्दल कंपनीची काही तक्रार असल्यास, संबंधित नियमाच्या उल्लेखासह ती मला लेखी द्यावी. मी तिला लेखी उत्तर देईन.’